चार महिन्यांत पाच मावशी बदलल्या, सहावी शोधण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. मला समजलं ते आधी सांगते, म्हणजे कुठे चुकत असेन तर कळेल. आई ७८ वर्षांच्या, वडील ८३. डोंबिवलीच्या घरात दोघंच राहतात. आईंना अल्झायमर असल्याचं निदान होऊन अडीच वर्षं झाली. चालतात, फिरतात, हाताने जेवतात. तुम्ही बेंगळुरूला, भाऊ ठाण्यात. चार महिन्यांत मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोकडून पाच मावशी, म्हणजे घरी रुग्ण सांभाळणाऱ्या बायका, आल्या आणि गेल्या. आई अंघोळीला हात लावू देत नाहीत, बाईवर चोरीचा आळ घेतात, आणि संध्याकाळ झाली की ‘माका घराक जावचा हा’ म्हणत दाराशी उभ्या राहतात. ब्युरोवाल्याने सुचवलं, डॉक्टरांना सांगून झोपेची गोळी सुरू करा. आता मावशीऐवजी शिकलेली नर्स ठेवावी का, चोवीस तासांची ठेवावी का, घरात कॅमेरा लावावा का आणि चांगला ब्युरो कुठला, असं तुम्ही विचारलंय.

मी परिचारिका आहे. आधी नऊ वर्षं हॉस्पिटलात होते. गेली सतरा वर्षं ठाण्यापासून अंबरनाथपर्यंतच्या पट्ट्यात घरी राहून रुग्ण सांभाळणाऱ्या बायकांना शिकवणं, त्यांच्या ड्युट्या लावणं आणि घरोघरी जाऊन बघणं हेच काम करते. त्या अनुभवावरून लिहिते आहे. तुमच्या आईंना मी पाहिलेलं नाही, त्यामुळे काही गोष्टी तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा. तिथे तसं सांगेन.

पाचही मावशी वाईट असतील असं मला वाटत नाही. डिमेन्शिया, म्हणजे स्मरण आणि समज हळूहळू कमी होत जाणं (अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार), झालेल्या माणसाला नव्या माणसाचं नाव लक्षात राहत नाही, तोंडही राहत नाही. पण हाताची सवय लागते, आवाजाची लागते. ही बाई जवळ आली की बरं वाटतं किंवा भीती वाटते, एवढं कुठेतरी मुरतं, आणि ते मुरायला माझ्या पाहण्यात चार ते सहा आठवडे लागतात. तुमच्याकडे सरासरी पंचवीस दिवसांनी बाई बदलली. म्हणजे आई जरा रुळायला लागल्या की पुन्हा कुणीतरी परकी बाई त्यांच्या अंगावरचं पातळ सोडायला उभी. कुणाही बाईने ओरडावं अशीच ती गोष्ट आहे. म्हणून मी तुमचा प्रश्न असा वाचते: एक बाई निदान सहा महिने टिकावी, यासाठी घरात काय करायला हवं?

हे सगळं करण्याआधी एक चौकशी करा. आईंचं चिडणं, मारायला उठणं हळूहळू वाढत गेलं की आठ-पंधरा दिवसांत एकदम वाढलं? बाबांना नीट विचारा. एकदम वाढलं असेल तर अल्झायमर वाढलं असं धरून बसू नका, डॉक्टरांकडे न्या. लघवीचा संसर्ग, न झालेली संडास, किडलेला दात, गुडघ्याचं दुखणं, कमी गेलेलं पाणी, कानात साचलेला मळ, नव्याने सुरू झालेली गोळी, यातलं काहीही कारण असू शकतं. म्हाताऱ्या माणसाला लघवीचा संसर्ग झाला की ताप येईलच असं नाही, कधीकधी फक्त वागणंच बिघडतं. सर्दीच्या आणि खाजेच्या काही जुन्या गोळ्या, वारंवार लघवी होण्यावरच्या काही गोळ्या विस्मरण आणि गोंधळ वाढवतात. घरातल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिकसुद्धा, एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ठेवा.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. कल्याणच्या एका आजोबांकडे मी तीन आठवड्यांत दोन मामा बदलले. पुरुष मदतनिसाला आमच्याकडे मामाच म्हणतात. आजोबा हात उगारायचे, ताट ढकलून द्यायचे, आणि मी मामांनाच बोलत होते. तिसऱ्या मामाने दुसऱ्याच दिवशी फोन केला: ‘सिस्टर, ह्यांचं पोट आठ दिवस साफ नाही. वहीत कुणी लिहिलेलंच नाही.’ डॉक्टरांना विचारून एनिमा दिला आणि दोन दिवसांत आजोबा त्याच मामाच्या हातून पेज प्यायला लागले. आधीच्या दोघांची मी जाऊन माफी मागितली. तेव्हापासून माझ्या प्रत्येक घरच्या वहीत पहिला रकाना संडासाचा असतो.

आता नर्स की मावशी. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली नर्स तीन वर्षं शिकते, एएनएम (साहाय्यक नर्स) दोन वर्षं, आणि दोघींची नोंद महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे असते. इंजेक्शन, नाकातली नळी, लघवीची नळी, जखमेचं ड्रेसिंग, सक्शन (घशातला कफ यंत्राने ओढून काढणं) अशी कामं असतील तर नर्सच हवी, तिथे पैसे वाचवू नका. तुमच्या आईंना यातलं काहीच नाही. त्यांना दिवसभर शेजारी बसणारं, न कंटाळता तेच उत्तर पंचविसाव्यांदा देणारं माणूस हवंय. त्यासाठी चाळिशीच्या पुढची, घरात म्हातारं माणूस सांभाळलेली मावशी मी निवडेन. ब्युरोतून ‘सिस्टर’ म्हणून येणारी प्रत्येक बाई नोंदणी झालेली असतेच असं नाही. नर्सचा दर मागत असतील तर नोंदणी क्रमांक मागा.

बाई निवडताना तिने किती पेशंट केले हे मी फार विचारत नाही. मी विचारते, ‘आजी म्हणाल्या, तू माझ्या बांगड्या चोरल्यास, तर तू काय करशील?’ काहीजणी लगेच म्हणतात, मी असली बाई नाही, मी ब्युरोला फोन करीन. काहीजणी म्हणतात, दुर्लक्ष करीन. एकदा शहापूरकडची एक मावशी म्हणाली, ‘म्हणीन, आजी, चला शोधू. सापडेपर्यंत बरोबर शोधीन.’ तिला मी त्याच दिवशी ड्युटी दिली.

भाषेकडेही बघा. आई मालवणीत बोलताहेत हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण मला ती तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ वाटली. या आजारात नंतर शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी निसटते आणि लहानपणची मागे राहते. सिंधुदुर्गातली किंवा रत्नागिरीकडची बाई मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर जी येईल तिला तुम्ही स्वतः फोनवर दहा-बारा वाक्यं शिकवा. ‘जेवूक चल’, ‘बस गो’, ‘पाणी व्हया?’ एवढ्यानेही फरक पडतो. मराठवाड्यातून आलेल्या माझ्या एका मावशीने वेंगुर्ल्याच्या आजींसाठी अशी वाक्यं हाताच्या तळव्यावर पेनाने लिहून ठेवली होती.

चोवीस तासांबद्दल. चोवीस तासांची बाई म्हणजे चोवीस तास जागी असलेली बाई, असं बरीच घरं धरून चालतात. तिला झोपावं लागतं. आई रात्री एकदाच बाथरूमला उठतात असं तुम्ही लिहिलंय, तर राहती एक बाई चालेल. उद्या त्या रात्रीत चार-पाच वेळा उठायला लागल्या तर मात्र दिवसाची आणि रात्रीची अशा दोन बायका लागतील, आठ ते आठ. तेव्हा एक लक्षात ठेवा: डोंबिवलीत सकाळी आठची ड्युटी म्हणजे टिटवाळ्याहून नाहीतर आसनगावहून लोकलने येणारी बाई. गाडी उशिरा आली की रात्रीची बाई अडकते, चिडते, आणि दोघींत एकमेकींना काही न सांगता अदलाबदल होते. अर्धा तास दोघी एकत्र असतील अशी वेळ ठेवा आणि त्या अर्ध्या तासाचे पैसे द्या. पैशांचं म्हणाल तर माझ्या पाहण्यात आमच्या पट्ट्यात राहत्या मदतनिसाचे महिन्याला साधारण २० ते ३० हजार होतात. दोन पाळ्या लावल्या की त्याच्या बरेच वर जातात. यात ब्युरोचं कमिशन किती आणि बाईच्या हातात किती, हे दोघांसमोर विचारा. हातात फारच कमी पडत असेल तर ती दुसरीकडे हजार रुपये जास्त मिळाले की जाणार, आणि तिला दोष देता येणार नाही.

बाई घरात आणायची कशी, इथे सगळ्यात जास्त चुका होतात. ‘आई, ही तुझ्यासाठी ठेवलेली बाई’ असं म्हणू नका. आईंच्या मनाने त्या अजून घर चालवतात, त्यांना बाई कशाला हवी? बाबांचे गुडघे दुखतात, त्यांना मदतीला आलीय, असं सांगा. बाबांनाही ते पटलेलं असू द्या, नाहीतर दुपारी तेच बोलून जातील. पहिले तीन दिवस बाईने आईंच्या अंगाला हात लावायचा नाही. चहा करायचा, समोर बसायचं, भाजी निवडताना विचारायचं, ‘आजी, ही मेथी अशीच खुडायची ना?’ चौथ्या दिवशी केस विंचरायला मागायचे. अंघोळ दुसऱ्या आठवड्यात. तोपर्यंत तुम्ही किंवा भाऊ-वहिनी रजा काढून घरात राहा. पाच वेळा झालेल्या बदलीत कुणी घरचं माणूस पहिला आठवडा थांबलं होतं का? तुमच्या पत्रात तसं दिसलं नाही.

त्या आठवड्यात एक पान लिहा आणि फ्रिजवर लावा. आजाराची माहिती त्यात नको, आईंची हवी. त्या कुठल्या गावच्या, माहेरी काय हाक मारायचे, चहात साखर किती, कुठल्या कुशीवर झोपतात, देवपूजा कशी करायच्या, नोकरी काय केली, कशाने रडू येतं, कशाचा राग येतो, कुणाचं नाव काढायचं नाही. तुमच्या आई २८ वर्षं पोस्टात होत्या असं तुम्ही लिहिलंय. मग त्यांना जुने लिफाफे, शिक्का, स्टँप पॅड द्या. त्या तासभर शिक्के मारत बसतील. घरात रिकामं बसवलेलं माणूस दाराकडे धावतं, हे मी किती घरांत पाहिलंय! २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाचा अंदाज आहे की भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे शंभरात सात-साडेसात जणांना. एवढ्या घरांना पुरतील इतक्या शिकलेल्या बायका आत्ता तरी नाहीत. तुमची मावशी तुमच्या घरातच शिकणार आहे, आणि तिला आईंबद्दल शिकवू शकेल असं तुमच्याइतकं दुसरं कुणी नाही.

अंघोळीचं जरा जवळून सांगते, कारण निम्म्या बायका तिथेच हरतात. अंबरनाथच्या एका आजींनी अडीच महिने अंघोळ केली नव्हती. मी गेले तेव्हा नवं बाथरूम होतं, पांढऱ्या चकचकीत फरशा, वरून शॉवर. मावशी आत नेऊन दार लावायची, साडी सोडायची, शॉवर सुरू करायची. आजी किंचाळायच्या. मी दुसऱ्या दिवशी दहा वाजता गेले. उन्हं आत आली होती. बादली, पितळी तांब्या आणि रबरी बूड असलेला बुटका, रुंद स्टूल मागवला. फरशीवर गडद रंगाचा, न घसरणारा मॅट टाकला, कारण पांढऱ्या ओल्या फरशीची खोली त्यांच्या डोळ्यांना कळत नव्हती, विहिरीत पाय टाकतोय असं वाटत असावं. गिझर आधीच चालवून बाथरूम ऊबदार केलं. दार अर्धं उघडं ठेवलं. परकर-पोलक्यावर मोठा टॉवेल पांघरला आणि तांब्या त्यांच्याच हातात दिला. मी पायांपासून सुरुवात केली: ‘आजी, पायावर पाणी घालते हं.’ सांगायचं, मग घालायचं. पायावरून गुडघ्यावर, मग पाठीवर टॉवेलच्या आतून हात. डोक्यावर पाणी घेतलंच नाही, केस दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसवून ओल्या पंचाने पुसले. शेवटी त्यांनी स्वतःच तांब्या भरून खांद्यावर ओतला आणि म्हणाल्या, ‘हर हर गंगे’. अडीच महिन्यांनी. त्यांच्या सूनबाई दाराबाहेर तोंडाला पदर लावून उभ्या होत्या.

तुमच्या आईंना हेच लागू पडेल असं नाही. त्यांना कदाचित संध्याकाळची अंघोळ आवडत असेल, किंवा बाबा दाराबाहेर उभे असले तर चालेल. रोज अंघोळ झालीच पाहिजे हा हट्ट मात्र सोडा. आठवड्यातून दोनदा नीट अंघोळ आणि रोज ओल्या पंचाने काखा, मांड्या, पाय पुसणं, एवढं पुरतं.

चोरीचा आळ. आईंच्या दृष्टीने ते खोटं नाही. त्यांनी वस्तू कुठेतरी जपून ठेवली, ठेवल्याचं विसरल्या, जागेवर दिसेना, आणि घरात एक परकी बाई आहे. डोकं जेवढं जोडू शकतं तेवढं जोडतं. वाद घालून, पुरावे दाखवून काही होत नाही, संशय फक्त वाढतो. करायचं ते असं: नवी बाई येण्याआधी खरं सोनं, चेकबुक, कागदपत्रं लॉकरमध्ये किंवा भावाकडे. हातात खोट्या पाटल्या, पाकिटात दहा-दहाच्या नोटा. आईंच्या लपवायच्या जागा शोधून ठेवा. बऱ्याचदा तांदळाचा डबा, उशीचा अभ्रा, देव्हाऱ्याखालचा खण आणि साड्यांच्या घड्या एवढ्याच असतात. आळ आला की बाईने म्हणायचं, ‘चला, शोधू.’ आणि तुम्ही बाईला पहिल्याच दिवशी, बाबांच्या समोर सांगायचं: ‘आई तुम्हाला चोर म्हणेल. आम्ही म्हणणार नाही.’ आळ आल्यावर भावाने फोनवरून बाईची पर्स बघायला सांगितली, असं तुम्ही लिहिलंय. ताई, मला राग आला वाचून. हातावर पोट असलेल्या बाईकडे अब्रूशिवाय दुसरं काय असतं? ती दुसऱ्या दिवशी आली नाही, यात मला काहीच नवल वाटलं नाही. कागदोपत्री खबरदारी आधी घ्या: आधार, पत्ता, आधीच्या दोन घरांचे फोन, पोलीस ठाण्यात पडताळणी. ती झाली की विश्वास ठेवा.

तिन्हीसांजेचं ‘घराक जावचा’. हे घर म्हणजे डोंबिवलीचं घर नसतं. बहुतेकदा ते माहेरचं, लहानपणचं असतं, आणि कधी ते घरही नसतं, फक्त इथे बरं वाटत नाही एवढंच म्हणायचं असतं. दिवस कलताना अंधूक उजेडात सावल्या मोठ्या दिसतात, दिवसभराचा थकवा असतो, भूक असते. म्हणून अंधार पडायच्या आधी, साडेपाचलाच सगळे दिवे लावा आणि पडदे ओढा. टीव्हीवरची भांडणाची मालिका बंद करा, ती भांडणं त्यांना घरातलीच वाटतात. पाच वाजता काहीतरी खायला द्या. सहाला हाताला काम द्या. वाती वळायला कापूस हा माझा हुकमी उपाय आहे. वात वळणं बोटांना आयुष्यभराचं पाठ असतं, डोक्याला विचारावं लागत नाही. आणि त्या म्हणाल्या की घरी जायचंय, तर ‘हेच तुमचं घर’ असं समजावू नका. विचारा, ‘घरी कोण कोण आहे? दारात काय आहे?’ माडाबद्दल, विहिरीबद्दल बोलता बोलता चप्पल घालून खाली सोसायटीत एक चक्कर मारून आणा. परत येताना बहुतेकदा ‘आलं घर’ असं त्याच म्हणतात. दरवाज्याला नजरेत न येणारी, अगदी वर किंवा अगदी खाली एक कडी लावा, पण घरात कुणी नसताना त्यांना बाहेरून कोंडून कधीही जाऊ नका. गळ्यातल्या पेंडंटवर किंवा पातळाच्या आतल्या बाजूला भावाचा नंबर शिवून ठेवा. वॉचमनला, वाण्याला, रिक्षास्टँडवर आईंचा फोटो दाखवून ठेवा. डोंबिवली स्टेशनच्या गर्दीत हरवलेलं माणूस फार लवकर फार लांब जातं. रात्री गॅसचा मेन कॉक बंद.

गोळीबद्दल माझं मत ठाम आहे. ब्युरोवाल्याने सुचवलेली कुठलीही गोळी द्यायची नाही. डॉक्टरांनी दिली तरी विचारा: ही कशासाठी, किती दिवस, केव्हा बंद करणार? अशा रुग्णांना शांत करायला जी औषधं दिली जातात त्यांतल्या अनेकांनी पडणं, गुंगी, गिळताना ठसका लागणं वाढतं. डिमेन्शिया झालेल्या वृद्धांमध्ये यांतल्या अँटिसायकोटिक प्रकारच्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच दिला आहे. लेवी बॉडी नावाचा डिमेन्शियाचा जो प्रकार असतो, त्यात तर यांतली काही औषधं फारच घातक ठरू शकतात. म्हणून नेमका कुठला डिमेन्शिया आहे, हे फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. कधीकधी औषध लागतंच. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल, भासांनी घाबरून रात्रभर रडत असेल, तर डॉक्टरांनी कमीत कमी मात्रेत दिलेलं औषध वरदान असतं. पण अंघोळ पटकन उरकावी म्हणून नाही.

कॅमेरा लावायचा तर बाईला सांगून, आणि फक्त हॉलमध्ये. बाथरूम, बाईची झोपायची जागा, आईंचे कपडे बदलायची जागा, इथे नाही. कॅमेऱ्यावरून दर तासाला फोन करून ‘आता पाणी का नाही दिलं’ असं विचारणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्याकडे बाई टिकलेली पाहिली नाही. रोज रात्री नऊला एक फोन ठेवा, दहा मिनिटांचा, आणि पहिला प्रश्न बाईच्या तब्येतीचा विचारा.

बाई टिकण्याचं गणित बरंचसं तिच्या दिवसात आहे. झोपायला स्वयंपाकघरातल्या ओट्याखालची जागा देऊ नका, पंखा आणि पडदा असलेली जागा द्या. तुम्ही खाल तेच तिलाही. दुपारी दोन तास सलग विश्रांती, तेव्हा आईंजवळ बाबा किंवा शेजारच्या काकू. आठवड्याला एक सुट्टी, आणि त्या दिवशी बदली बाई प्रत्येक वेळी तीच, म्हणजे आईंना दोनच चेहरे. पगार ठरल्या तारखेला. धुणी-भांडी, पाहुण्यांचा स्वयंपाक तिच्यावर टाकायचा नाही. ती भांडी घासत असताना आई दाराबाहेर पडतात. आणि महिन्यातून एकदा तिला विचारा, हात दुखतोय का, पाठ दुखतेय का. वजन उचलून कंबर गेलेल्या माझ्याच पाच-सहा मावशी आहेत.

आता बाबा. तुमच्या पत्रात ते एका वाक्यात आलेत: ‘बाबा थकलेत, कधीकधी आईवर ओरडतात.’ ८३ व्या वर्षी रात्रंदिवस सावध राहणारा माणूस ओरडणारच. त्यांची झोप, बीपी, जेवण बघा. रोज एक तास त्यांना घराबाहेर काढा, कट्ट्यावर, वाचनालयात, कुठेही. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही १९९२ साली केरळात सुरू झालेली संस्था आहे. मुंबईतही तिची शाखा आहे. सांभाळणाऱ्या घरच्यांचे गट अशा संस्था चालवतात. तिथे बाबांना ‘माझीही बायको मला भाऊ म्हणते’ असं सांगणारा दुसरा नवरा भेटेल, त्याने जे होतं ते माझ्या सल्ल्याने होत नाही. ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७ आहे, मन फारच खचलं तर टेलीमानस १४४१६.

जाता जाता कागदांचं. आपल्याकडे साधं मुखत्यारपत्र माणसाची सारासार बुद्धी गेली की कायद्याने संपतं, त्यामुळे ‘पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी आहे ना’ म्हणून निश्चिंत राहू नका. बँक खातं, नॉमिनी, मृत्युपत्र याबद्दल वकिलाला आत्ताच भेटा आणि बाबांचंही त्याच वेळी करून घ्या.

इथवरचं थोडक्यात: आधी डॉक्टर आणि गोळ्यांची पिशवी. मग सोनं-कागद हलवणं, आईंचं एक पान, आणि घरच्या माणसाने रजा काढून पहिला आठवडा थांबणं. त्यानंतर एकच मावशी, एकच बदली, भावाकडे रोजचा कारभार आणि तुमच्याकडे रात्रीचा फोन. दोघांनी दोन वेगळ्या सूचना बाईला द्यायच्या नाहीत. सहा आठवडे हे करून बघा. तरीही आई कुणालाच जवळ येऊ देत नसतील, बाबांची तब्येत ढासळत असेल, किंवा रात्री कुणालाच झोप मिळत नसेल, तर डिमेन्शियासाठीच्या निवासी केंद्राचा विचार करा. त्यात आईंना टाकल्यासारखं काही नाही. मी स्वतः अशा चार घरांना तसा सल्ला दिलाय आणि त्यांतल्या दोन आजोबांचं वजन तिथे वाढलेलं पाहिलंय. जाऊन दुपारी न सांगता बघा, वासावरून आणि बसलेल्या लोकांच्या तोंडाकडे बघून बरंच कळतं.

शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘आई मला ओळखतच नाही, मग मी येऊन काय उपयोग?’ या, आणि राहायला या, पण येताना वेळ जपा. सकाळी दहा-अकराला आई सगळ्यात ताज्या असतात असं बाबा म्हणतात, तेव्हा त्यांच्याजवळ बसा. शेजारी नाही, समोर, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला. ‘ओळखलंस का, सांग मी कोण’ असं विचारू नका, ती परीक्षा त्यांना लाजवते. ‘आई, मी आले गं, बेंगळुरूहून, तुझी लेक’ असं सरळ सांगा. त्या तुम्हाला त्यांची बहीण समजल्या तर बहीण व्हा. येताना अबोलीचा गजरा आणा, मालवणी घरात वाढलेल्या बाईच्या बोटांना तो माळायचा कसा हे माहीत असतं. मावशीलाही त्या वेळी जवळ बसवा, आणि आई तुमच्या केसांत गजरा माळत असताना त्या काय गुणगुणतात ते तिला ऐकू द्या. पुढच्या अंघोळीला तिला ते गाणं लागणार आहे.